दुसरा रिमोट कुणाकडे होता? गेम ‘मैलाचा दगड’ कशानं ठरतो

इतिहासात पीएच.डी. करायची आणि विषय व्हिडिओ गेमचा, असं म्हटलं की समोरून येणारा पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो : “साधनं कोणती?” ऐकताना तो टोमण्यासारखा लागतो, पण प्रश्न रास्त आहे. १९९५च्या सुमाराला मूर्तिजापूरसारख्या तालुक्याच्या गावात पोरं कोणता गेम खेळत होती, याची नोंद नगरपालिकेच्या दप्तरात नाही, जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये नाही आणि गेम बनवणाऱ्या कंपनीच्या हिशेबाच्या वहीत तर नाहीच नाही. तरी आज चाळिशीच्या आसपास असलेल्या कुणालाही स्टेशन रोडवर थांबवून विचारा, नाव येईल ते बहुतेक एकच. कॉन्ट्रा. कुणी मारिओ म्हणेल, पण कॉन्ट्रा म्हणताना माणूस हातानं रिमोट धरल्यासारखं करतो.

माझ्या कामाचा गाभा हाच आहे. ज्याची विक्री कुठंच मोजली गेली नाही, तो गेम एका अख्ख्या पिढीच्या डोक्यात मैलाचा दगड होऊन कसा बसला? तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर अडकला असाल, तर हा प्रश्न नीट फोडून पाहण्यासारखा आहे. गेममध्ये रस नसला तरी. सिनेमा, रेडिओवरचा कार्यक्रम, एखादं शाळेचं पुस्तक, कशालाही तो लागू पडतो.

आधी अधिकृत उत्तर पाहू. २००७ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातले हेन्री लोवूड यांनी चार सहकाऱ्यांसह दहा गेमची एक यादी जाहीर केली. सिनेमांसारखेच काही गेमही राष्ट्रीय ठेवा म्हणून जपले जावेत, हा त्यामागचा हेतू. यादीत ‘स्पेसवॉर’ होता, ‘टेट्रिस’ होता, ‘सिमसिटी’ होता, ‘डूम’ होता. पुढं २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरातल्या ‘द स्ट्राँग’ या संग्रहालयानं व्हिडिओ गेमचं जागतिक हॉल ऑफ फेम सुरू केलं. त्यांचे निकष चार : गेम सर्वांच्या ओळखीचा झालेला असावा, त्याची लोकप्रियता टिकलेली असावी, तो देशांच्या सीमा ओलांडून गेलेला असावा आणि नंतरच्या गेमवर किंवा समाजावर त्याचा ठसा असावा. पहिल्या वर्षी ‘पाँग’, ‘पॅक-मॅन’, ‘टेट्रिस’, ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, ‘डूम’ आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ असे सहा गेम निवडले.

निकष वाईट नाहीत. पण २०१५ ते २०२५ या अकरा वर्षांच्या निवडींमध्ये कॉन्ट्रा नाही. म्हणजे मूर्तिजापूर चुकलं का? की निकष मोजायचं माप वेगळं आहे? सीमा ओलांडणं मोजायचं कसं, तर विक्रीच्या आकड्यांवरून. आणि आमच्याकडे जे आलं त्याला पावतीच नव्हती!

इथं थोडा मागचा रस्ता सांगावा लागेल. कोनामी या जपानी कंपनीनं कॉन्ट्रा १९८७ मध्ये आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या उभ्या यंत्रासाठी बनवला. १९८८ मध्ये तो निन्टेंडोच्या घरगुती यंत्रावर आला. ते यंत्र जपानमध्ये १९८३ पासून फॅमिकॉम या नावानं विकलं जात होतं. युरोपात गेल्यावर याच गेममधली माणसं काढून त्या जागी यंत्रमानव घातले आणि नाव ठेवलं ‘प्रोबोटेक्टर’, कारण जर्मनीसारख्या देशात हिंसा दाखवण्यावर कडक बंधनं होती. त्यामुळे पश्चिम युरोपातल्या त्याच वयाच्या माणसाला तुम्ही कॉन्ट्रा म्हणालात तर तो कदाचित नुसता बघत राहील. खेळला मात्र त्यानं तोच.

भारतात ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे निर्बंध पूर्णपणे उठले ते १ एप्रिल २००१ ला. त्याआधीच्या दशकात आपल्या घरांमध्ये जे पोचलं ते फॅमिकॉमची नक्कल करणारं यंत्र. तैवान, हाँगकाँग, चीन इथं फॅमिकॉमचं सगळं काम एका चिपवर बसवलं गेलं आणि यंत्र एकदम स्वस्त झालं. मुंबईचं मनीष मार्केट, दिल्लीचा पालिका बाजार असल्या ठिकाणांवरून ते खाली झिरपत गेलं. आपल्याकडे ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशी नावं त्याच्या खोक्यावर असायची. निन्टेंडो हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. यंत्राला ‘टीव्ही गेम’ म्हणायचे, कंट्रोलरला ‘रिमोट’ आणि कार्ट्रिजला ‘कॅसेट’. हा शब्द नीट लक्षात ठेवा. गाण्यांची आणि व्हीसीआरची कॅसेट घरात आधीच होती, म्हणून खाचेत बसणारी प्लास्टिकची ही नवी वस्तूही कॅसेटच झाली. नवीन वस्तू जुन्या नावानं घरात शिरते तेव्हा ती कोणत्या दारानं आली हे त्या नावातच राहून जातं. मुलाखतीत माणूस ‘कार्ट्रिज’ म्हणाला तर समजा, हा शब्द त्याला पुढं इंटरनेटवर भेटलाय.

आता प्रश्न असा की त्या कॅसेटींवर गेम अनेक होते, मग कॉन्ट्राच का?

पहिलं कारण टंचाई. खोक्यावर ‘९९९९९९ इन १’ लिहिलेलं असलं तरी आत खरे गेम मोजकेच. तेच गेम नाव बदलून, स्टेज बदलून यादीत फिरून फिरून यायचे. नवी कॅसेट मिळायची ती अकोल्याला किंवा नागपूरला कुणी गेलं तर. त्यामुळे आहे तोच गेम शेकडो वेळा खेळला जायचा. एका पिढीच्या आठवणी एकमेकींशी इतक्या जुळतात यामागं आवडीपेक्षा हा नाइलाज जास्त आहे, असं माझं मत. मूर्तिजापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. यवतमाळ आणि अचलपूरच्या नॅरोगेजवर धावणाऱ्या आमच्या शकुंतलेला कुणी वेगासाठी लक्षात ठेवलेलं नाही. कापूस वाहायला ब्रिटिश कंपनीनं टाकलेली ती लाइन, मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं. त्या वाटेवरच्या कितीतरी गावांना दुसरं स्वस्त वाहन नव्हतं, म्हणून ती सगळ्यांची झाली. चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढल्याचा किस्सा प्रत्येक घरात आहे, अगदी ज्यानं ते कधी केलं नाही त्याच्याही घरात.

पण टंचाई सगळ्याच गेमना सारखी होती. म्हणून दुसरं कारण गेमच्या आत शोधावं लागतं, आणि ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ दोघांना खेळता येतो, पण पाळीपाळीनं. पहिला मरेपर्यंत दुसऱ्यानं बघत बसायचं. कॉन्ट्रामध्ये दोघं एकाच वेळी, एकाच पडद्यावर. एकाची पँट निळी, दुसऱ्याची लाल. गोळी लागली की लगेच मरण, आणि सुरुवातीला लाइफ फक्त तीन. उडत येणाऱ्या डब्यातून ‘एस’ अक्षर पडलं की बंदुकीतून गोळ्यांचा पंखा सुटायचा, आणि ते अक्षर एकालाच मिळायचं. तिसरी स्टेज धबधब्याची. तिथं पडदा वर सरकतो. पुढचा भराभर उड्या मारत गेला की मागं राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेला जाऊन मरतो. शत्रूनं मारण्याआधी आपल्याच माणसानं मारलं! सख्ख्या भावांची भांडणं इथं झाली, आणि ‘थांब ना रे बापा, मले येऊ दे’ हे वाक्यही इथलंच.

म्हणजे हा गेम खेळताना बोलावंच लागायचं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये मांडलं होतं की माणूस एकटा आठवत नाही. घर, जात, गाव, कामाची जागा अशा कुठल्यातरी गटाच्या चौकटीत त्याची आठवण उभी राहते. नेटच्या पेपरसाठी हे नाव पाठ करताना कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे. धबधब्याची स्टेज डोळ्यांसमोर आणा, मग सोपं जाईल. मारिओ ज्यानं त्यानं आपापला आठवला. कॉन्ट्राची आठवण मात्र जन्मली तीच दोघांची, आणि मागं खाटेवर बसून ओरडणाऱ्या चौघांची.

यात विजेचाही हात आहे. या गेममध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नाही, लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. पण हात बसलेल्याला आठही स्टेज पार करायला साधारण अर्धा तास लागतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत विदर्भातल्या गावांनी भारनियमनाचं वेळापत्रक पाठ केलं होतं, आणि त्याआधीही वीज भरवशाची नव्हती. दोन वेळच्या अंधारामध्ये मावेल एवढा गेम टिकला. ज्याला आठवडाभर लागतो तो अशा घरात रुजणं अवघडच होतं. हे माझं अनुमान आहे. तुमच्या प्रबंधात असं वाक्य आलं तर त्याच्यापुढं ‘अनुमान’ असं लिहायला शिका, व्हायवाला उपयोगी पडतं.

आता तीस लाइफचा कोड. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. काझुहिसा हाशिमोतो या कोनामीतल्या प्रोग्रामरनं ‘ग्रेडियस’ हा गेम १९८६ मध्ये घरगुती यंत्रावर आणताना, तपासून बघताना सोपं जावं म्हणून तो घातला होता. अमेरिकेत अशा युक्त्या मासिकांतून पसरल्या. मूर्तिजापुरात असं मासिक येत नव्हतं. तरी कोड आला. काही कॅसेटींच्या मेनूत तर ‘कॉन्ट्रा, ३० लाइफ’ अशी वेगळी ओळच असायची. म्हणजे नक्कल करणाऱ्या कुण्या अनाम कारागिराला माहीत होतं की लोकांना काय हवंय, आणि त्यानं ते सरळ यादीत टाकलं. संशोधक म्हणून मला ही ओळ ताम्रपटाइतकीच बोलकी वाटते. कंपनीनं न लिहिलेला इतिहास चोरट्यानं मेनूत लिहून ठेवलाय.

या धाग्यानं पाहिलं तर मूर्तिजापूर जगात एकटं नाही. पोलंडमध्ये ‘पेगासस’ आणि रशियात ‘डेंडी’ या नावानं फॅमिकॉमच्या नकला विकल्या गेल्या, आणि तिथल्या नव्वदच्या दशकातल्या पिढीलाही कॉन्ट्रा असाच जिवाभावाचा आहे. वॉर्सा, मॉस्को आणि मूर्तिजापूर एका नकाशावर येतात! निन्टेंडोच्या विक्रीचा नकाशा काढला तर या तिन्ही जागा जवळपास कोऱ्या दिसतील. सीमा ओलांडण्याचा निकष कागदावर आणि प्रत्यक्षात किती वेगळा पडतो ते बघा.

गेम लक्षात राहणं म्हणजे गेम चांगला असणं नव्हे, हेही जाता जाता नोंदवते. १९८२ साली अटारी कंपनीनं ‘ई. टी.’ नावाचा गेम घाईघाईत काढला आणि तो सपशेल पडला. न विकलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरल्या, आणि २०१४ मध्ये लोकांनी त्या चक्क उकरून काढल्या. तो गेमही मैलाचा दगडच आहे, अपयशाचा. कॉन्ट्रा मला उत्तम गेम वाटतो. पण माझ्या प्रबंधात ते वाक्य नसेल.

विद्यार्थी सर्वांत जास्त कुठं घसरतात, तर ‘पहिला’ या शब्दावर. पहिला भारतीय गेम कोणता, महाराष्ट्रातला पहिला कोणता, यावर पानंच्या पानं खर्ची पडतात. उदाहरण पुण्याचं घ्या. नॉडिंग हेड्स या पुण्यातल्या छोट्या चमूनं बनवलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेंडो स्विचवर आला, नंतर इतर यंत्रांवर. त्याआधी २०१७ मध्ये लोकांकडून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी काम सोडलं नाही. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. भारतातल्या गेमनिर्मितीचा इतिहास ‘राजी’ला वगळून लिहिता येणार नाही. पण मूर्तिजापुरात किती घरांत स्विच होतं? इतिहासकाराचा मैलाचा दगड आणि गावाचा मैलाचा दगड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही लिहाव्या लागतात, आणि एकीचा पुरावा दुसरीला चालत नाही.

नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीचा ‘लुडो किंग’ उलट्या टोकाला आहे. २०१६ मध्ये आला, २०२०च्या लॉकडाउनमध्ये घराघरात पोचला. आजीसुद्धा खेळली. त्याचं प्रत्येक डाउनलोड मोजलेलं आहे. आणि पबजीचा इतिहास तर सरकारी कागदावर आहे : २ सप्टेंबर २०२० ला केंद्रानं ज्या ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. पुढच्या संशोधकाला साधनांची चिंता नाही. चिंता वेगळीच आहे. सर्व्हर बंद झाला की तो गेम लावून बघायचा कुठं? अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३ मध्ये दाखवून दिलं की २०१० पूर्वी तिथं प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. कॉन्ट्रा मात्र आजही कुठल्याही स्वस्त खेळण्यात सापडतो, कारण त्याची इतकी चोरी झाली! कायद्याच्या बाजूनं हे मला लिहिता येत नाही, जतनाच्या बाजूनं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मग काम कसं करायचं? ज्यांना आठवतंय ती माणसं आज चाळिशी-पंचेचाळिशीत आहेत, त्यामुळे घाई नाही असं वाटेल. पण वस्तू चालल्यात. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची कॅसेट भंगारवाल्याच्या गाडीवर जाते, आणि तिच्याबरोबर तो मेनूही. मिळेल त्या कॅसेटीचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, चालत असेल तर मेनूचं प्रत्येक पान टिपून ठेवा. मगच मुलाखतीला बसा.

मुलाखतीत “तुमचा आवडता गेम कोणता” हे विचारूच नका. उत्तर तयार असतं, आणि हल्ली ते यूट्यूबवर ऐकलेलं असतं. विचारा : भांडण कशावरून व्हायचं? टीव्ही कुणाच्या घरी होता? त्या घरात सगळ्यांना आत घ्यायचे, की काही पोरं खिडकीतून बघायची? हा शेवटचा प्रश्न हळू विचारा, पण विचारा. ‘आमच्या पिढीचा गेम’ म्हणताना ती पिढी कुणाकुणाची होती, ते त्या खिडकीपाशी कळतं. आणि बायकांशी बोला. पहिला रिमोट भावाकडे असायचा, दुसरा भावाच्या मित्राकडे, आणि कॅसेटीला फुंकर मारून ती बसवायचं, टीव्हीचं चॅनेल जुळवायचं काम कितीतरी घरांत बहिणीकडे. ‘तुम्ही खेळायच्या का’ म्हटलं की ती ‘नाही’ म्हणेल. ‘धबधब्याच्या स्टेजला काय व्हायचं’ विचारा, ती सगळं सांगेल. माझं म्हणणं असं की न खेळलेल्यालाही जो गेम आठवतो, तोच त्या गावाचा मैलाचा दगड. कारण खेळलेल्याला तर काहीही आठवू शकतं.

माणसं चुकीचंही सांगतील. सन चुकेल, स्टेजचा क्रम चुकेल, कॅसेटीत ‘खरंच हजार गेम होते’ असं शपथेवर सांगतील. ते खोडू नका. इटलीतले मौखिक इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांचं काम जरूर वाचा. तेर्नी या गावात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा कामगार १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीनं मेला, पण गावातले लोक ती घटना १९५३ मधल्या कामगारकपातीच्या वेळची म्हणून सांगत होते. पोर्तेल्लींनी ही चूक दुरुस्त करून सोडून दिली नाही. लोकांना ते मरण त्या वर्षात का हवं होतं, हे त्यांनी विचारलं. कॅसेटीत हजार गेम असल्याचं कुणी सांगतो, तेव्हा आपणही तेच विचारायचं असतं.

आणि प्रत्येक मुलाखतीत एक प्रश्न न चुकता : तीस लाइफचा कोड तुम्हाला कुणी सांगितला? उत्तरात जवळजवळ नेहमी एक माणूस येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेला आत्याचा मुलगा, बडनेऱ्याहून ये-जा करणारा शेजारी, वसतिगृहातला कुणी. त्याचं गाव आणि साधारण साल लिहून घ्या. अशी पन्नास उत्तरं जमली की वऱ्हाडच्या नकाशावर त्यांच्या रेघा ओढा. कोणत्या रेघा रेल्वेलाइनला धरून जातात, कोणत्या एसटीच्या रस्त्यानं आणि कोणत्या फक्त सोयरिकीनं, हे मला अजून बघायचंय.